तीन जावयांचं मीठ

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा समुद्राला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याच्या काठी एक शेठाणी मिठाचा व्यापार करायची. तिची कोठारं तीन गावांत, आणि प्रत्येक कोठारावर एकेक जावई.

शेठाणीचा एक शब्द होता. पावसानं घाट बंद होण्याआधी डोंगरगावांना चार महिन्यांचं मीठ पोचवायचं. यंदा मात्र एक परदेशी तांडेल रिकामं गलबत घेऊन आला.

"सगळं मीठ द्या. मागाल ते मोल देतो."

"डोंगराचा वाटा काढून उरेल ते ने," शेठाणी म्हणाली. पण उरणार किती? तिन्ही कोठारांची खबर एकत्र करायला तिनं कारभाऱ्याला सांगितलं.

कारभारी मोठा हौशी. वारा कुठून वाहिला, गाढवं किती शिंकली, सगळं त्यानं मागवलं. घाट बंद व्हायची वेळ आली, तेव्हा कुठे तो हिशेब घेऊन शेठाणीपुढे उभा राहिला.

"थोरले जावई कळवतात, छातीएवढे सहा ढीग. मधले कळवतात, नऊ गाढवांचं ओझं. तिसरे कळवतात, कालच्याइतकंच एक कोठार. एकूण सोळा!"

"सोळा काय?"

"सोळा, बाईसाहेब. अगदी पक्के."

"अरे, पण छाती कुणाची, ते विचारलंस?"

कारभाऱ्यानं कान धरले. "जावयांना खुलासा मागू? भरल्या ताटावरून उठले तर?"

त्याचंही खरंच होतं. त्या मुलखात जावई म्हणाला सूर्य चौकोनी, तर सासुरवाडीनं कोपरे मोजायचे. हसू नका, तुमच्याकडे काय वेगळं चालतं?

शेठाणीची धाकटी लेक हे ऐकत होती. तिची मैत्रीण डोंगरात दिलेली. मीठ नाही पोचलं, तर तिच्या घरी पावसाळाभर अळणी पेज. धाकटीनं पदर खोचला.

"आई, मेहुणीनं दाजींची चेष्टा केलेली चालते ना?"

"चालते कसली, धावते!"

"मग मी निघाले. पण आधी सांग, तुला नक्की ठरवायचंय काय?"

"गलबत भरायचं की नाही, एवढंच."

"बस्स. मग गाढवांच्या शिंका मला नकोत." तिनं एक टोपली उचलली आणि चालू लागली.

थोरले दाजी ढिगाला छाती लावून दिमाखात उभे. बुटके इतके, की वांग्याच्या वाफ्यात हरवावेत.

"दाजी, तुमची छाती आमच्या कमरेला लागते हो! चला, टोपलीनं भरून दाखवा."

दाजी लालबुंद झाले. पण मेहुणीवर रागावणाऱ्याला गाव हसतं. मुकाट्यानं मोजून दिलं.

मधल्या दाजींची गाढवं बघून ती म्हणाली, "ही गाढवं की शेळ्या?"

"लहान आहेत अजून. वाढतील."

"गाढवं वाढतील, दाजी. मीठ नाही वाढत. भरा टोपली."

तिसऱ्या दाजींनी कोठाराचं दारच उघडलं नाही. "सांगितलं ना, कालच्याइतकंच आहे."

"काल पाहिलंत?"

"काल परवाच्याइतकं होतं."

"आणि परवा?"

दाजी रुसले. म्हणाले, "माझा अपमान झाला. मी जेवणार नाही."

"मग मीही नाही जेवत. बसू दोघं दारात बोंबिलासारखे वाळत." तिनं तिथेच बैठक मारली.

दुपार टळली. शेजारून मासे तळल्याचा वास आला. दाजींचं पोट असं बोललं, की कुत्रं दचकून उठलं. त्यांनी गुपचूप किल्ली काढली.

आत छप्पर गळत होतं. मीठ कधीच विरघळून वाहून गेलेलं. ओल्या जमिनीवर एक खेकडा मालकासारखा बसला होता.

धाकटी घरी परतली. "आई, डोंगराचा वाटा जेमतेम भरतो. गलबताला चिमूटभरही नाही."

शेठाणीनं तांडेलाकडे पाहिलं, त्याच्या जड कमरपट्ट्याकडे पाहिलं, लांब सुस्कारा सोडला आणि बैल घाटाकडे जुंपायला सांगितले. गलबत रिकामं गेलं. सोळावर विश्वास ठेवून गलबत भरलं असतं, तर डोंगर अळणी राहिला असता.

पुढे शेठाणीनं एकाच बुरुडाकडून सारख्या टोपल्या विणून घेतल्या आणि तिन्ही कोठारांत ठेवल्या. जावयांना चौरंग होता, पुरणपोळी होती, मान होता. मीठ मात्र टोपलीनंच मोजायचं, तेही स्वतः आत जाऊन.

बोध: काय ठरवायचंय ते आधी ठरवा आणि माप एक करा, नाहीतर दहा ठिकाणच्या खबरा गोळा करून हाती गोंधळच येतो.