खाडीकडे पाठ करून उभी राहिलेली आवडाबाय

खरं तर हे मी सांगायचं नाही. कोणाला काय येत नव्हतं, ते चारचौघांत बोलू नये, अशी आमच्या खाडीकाठची रीत आहे. पण आवडाबायची गोष्ट त्याशिवाय सांगताच येत नाही. मग मोठी माणसं ती एकमेकांना कशी सांगतात, हे मला कळत नाही.

किती वर्षं झाली ते कोणालाच ठाऊक नाही, पण तेव्हा खाडीवर पूल नव्हता. आवडाबाय नावाड्याची लेक. भात शिजेपर्यंत ती पाण्याखाली राहायची, असं म्हणतात. गावातल्या बायका ओहोटीला चालत मधल्या वाळूवर जायच्या आणि तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायच्या. भरती लवकर आली की परतीची वाट बुडायची. एकदा दोघी गेल्या त्या गेल्याच. तेव्हा आवडाबायनं ठरवलं, बायकांना पोहायला शिकवायचं. आधी थोरल्या नणंदेला, सुंद्राबायला, कारण ती रोज वाळूवर जायची.

आमच्याकडे पोरांना शिकवतात तसंच तिनं केलं. होडीतून ढकलून दिलं. सुंद्राबायच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि काठावरची माणसं हसली.

"म्हातारीला झबलं घालतेस काय गो आवडे?" असं म्हणून सुंद्राबाय घरी गेली, ती पुन्हा येईना.

मग एकदा नणंदेजवळ बसून आवडाबायनं विचारलं, "वन्सं, पाण्याचं तुम्हाला काय काय ठाऊक आहे?"

सुंद्राबाय सांगत सुटली. ओढ कुठे असते, भोवरा कुठे, उपडी घातलेली रिकामी घागर कशी बुडत नाही.

"मग तीच घागर पोटाशी धरा. तेवढंच. मी बघणार नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच वळेन."

ती गुडघाभर पाण्यात पाठ करून उभी राहायची. हळूहळू बाकीच्या बायकाही आल्या. पाठमोरी बाई शिकवणार कशी? आई म्हणते, ती पाण्याचा आवाज ऐकायची. मला ते अजून नीट पटत नाही.

मग एक दिवस उधाण आलं. वाळूवरच्या बायका घागरी धरून पाण्यात उतरल्या आणि एकेक करून काठाला लागल्या. सुंद्राबाय मागे राहिली. तिची घागर ओढीत सुटली.

"आवडे, मागं बघ! बुडतेय ती!" सगळे ओरडले.

आवडाबाय काठाजवळच्या पाण्यात नेहमीसारखी पाठ करून उभी होती, ती वळली नाही. पाणी कमरेला आलं, गळ्याला आलं. ती वळली असती तर सुंद्राबायचे हात थांबले असते, असं काही म्हणतात. तिला बघायचा धीरच नव्हता, असंही म्हणतात. पाणी हनुवटीला टेकलं आणि खाडी तिथेच थांबली. मग तिच्या खांद्यावर एक ओला हात पडला.

"आवडे, आता वळ गो."

तेव्हापासून आमच्याकडे मोठं माणूस काही नवं शिकायला लागलं, की शिकवणारा आधी विचारतो, "तुम्हाला काय ठाऊक आहे?" मग सगळे आवडाबायचं नाव घेऊन पाठ फिरवतात. काल बाबा स्कूटर शिकत होते, तर अख्खी आळी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला एवढंच कळत नाही, की मागे कोणी पडल्याचा आवाज आला, तर आपण वळायचं की... आई हाक मारतेय.

"वृंदे! बाबांनी गाडी काढली गो! ये लवकर, तोंड भिंतीकडे कर!"