पानवेलीची उतरण

फार पूर्वी एका राज्यात नागवेलीच्या पानांचा एक मळा होता आणि हैबती नावाचा मळेकरी तो राखत होता. दसऱ्याच्या दरबारात राजा मानकऱ्यांच्या हातात जो विडा ठेवी, त्याचं पान याच मळ्यातलं असे. हा मान हैबतीच्या आजोबांपासून चालत आलेला.

दोन वर्षांपासून मात्र मळ्याचं काहीतरी बिनसलं होतं. वेली आधाराला लावलेल्या शेवरीच्या झाडांच्या शेंड्याला जाऊन वाऱ्यावर लोंबत होत्या. खाली नुसती उघडी कांडं, आणि वर, हाताला न लागणारी, बोटभर पानं. शेवटी राजाचं फर्मान आलं: ‘मळ्याचे पुनरुत्थान करावे. दसऱ्याला तळहाताएवढे पान न मिळाल्यास मळा दुसऱ्यास दिला जाईल.’

हैबतीला वाचता येत होतं, पण वाचूनही कळेना. पुनरुत्थान करायचं म्हणजे नेमकं करायचं काय? तो दरबारच्या पंडितांकडे गेला.

पहिले पंडित म्हणाले, “सोपं आहे रे. पुनरुत्थान म्हणजे नूतनीकरण. जुनं उपटून टाक, नवं लाव.”

दुसरे उसळलेच. “छे छे! याला जीर्णोद्धार म्हणतात. जुन्याला हात लावायचा नाही, फक्त आधार द्यायचा.”

तिसऱ्यांनी बराच वेळ शेंडी कुरवाळली. “पुनरुज्जीवन हाच शब्द योग्य. पण मेलेल्यालाच पुन्हा जीव देता येतो. तुझ्या वेली मेल्या आहेत का?”

“नाही जी.”

“मग आधी मरू देत.”

हैबती घरी आला तो डोक्याला हात लावूनच. बिचाऱ्याने कोणाचाच शब्द खाली पडू दिला नाही. एक ओळ उपटून नवी कांडी लावली, ती रुसल्यासारखी उभी राहिली. दुसऱ्या ओळीला उंच बांबूंचा आधार दिला, तर वेली आणखी वर पळाल्या. आता तिसरी ओळ मारावी की काय, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

त्याची बायको कोंडाबाई हे सगळं मुकाट्याने बघत होती. शेवटी तिने विचारलं, “अवं, मामंजी दर साली काय करायचे?”

“उतरण करायचे,” हैबती म्हणाला. वाढलेली वेल शेवरीवरून सोडून खाली आणायची, तिचं उघडं कांड वेटोळं करून मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा पुन्हा शेवरीच्या बुंध्याशी बांधायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात.

“मग तुमी का सोडलीत?”

“दोन सालांमागं महाराज मळा बघाया आले तवा म्हणाले न्हाईत का, ‘किती उंच वेली! यांना कधी खाली झुकवू नकोस.’ आता त्यांचा शब्द कसा मोडू?”

“शब्द ऱ्हाईल, मळा जाईल,” एवढंच बोलून ती खुरपं घेऊन निघाली. हैबतीला भीती वाटत होती, खूप वाटत होती. तरी तो तिच्यामागून गेला.

चार दिवसांत सगळ्या वेली जमिनीवर आल्या. नेमका पाचव्या दिवशी राजा पंडितांना घेऊन मळ्यात हजर झाला. बघतो तर मळा बोडका!

“आम्ही पुनरुत्थान करायला सांगितलं आणि तू वेली मातीत गाडल्यास?” राजा कडाडला.

हैबतीने हात जोडले. “महाराज, मोठ्या शब्दांत माझा पार गोंधळ झाला. पण मेलेल्याला जीव द्यावा, पडलेल्याला उभं करावं. ही वेल मेलीही नाही न पडलीही नाही. ती मातीपासून लई लांब गेली, एवढंच. म्हणून तिला परत आणली.”

“यास शास्त्राधार?” पंडितांनी विचारलं.

“दसऱ्यापर्यंत थांबा,” हैबती म्हणाला.

राजा थांबला. दसऱ्याला कोंडाबाईने टोपलीवरचं ओलं फडकं काढलं, तेव्हा हिरवीगार, तळहाताहून मोठी पानं बघून मानकरी टोपलीभोवती गोळा झाले. पंडित मात्र या प्रकाराला काय म्हणावं यावर तिथेच भांडू लागले.

राजाने विडा तोंडात टाकला आणि हळूच विचारलं, “वेल झुकवू नकोस असं आम्हीच म्हणालो होतो ना? मग दोन वर्षं बोलला का नाहीस?”

“भ्यालो, महाराज.”

राजा सिंहासनाच्या पायऱ्या उतरून खाली आला आणि मानाचा पहिला विडा त्याने हैबतीच्या हातात ठेवला. “पुढच्या उतरणीला आम्हाला बोलाव,” तो म्हणाला. “वेटोळं कसं घालतात ते शिकव.”

तात्पर्य: नवं करायचं, उभारायचं की जगवायचं, हे शब्दाला विचारू नये, ज्याचं करायचं त्याच्याजवळ बसून पाहावं. आणि पाहिलेलं सांगायला भिऊ नये.