मंजुलकाची शिष्टाई

त्रेतायुग नुकतेच लागले होते, देव अजून पायी हिंडत होते आणि माणसे तुमच्याइतकीच बडबडी होती, तेव्हाची ही कथा. धूम्रवतीच्या तीरी, वेतसवनांनी वेढलेल्या शांत आश्रमात शुष्कांग नावाचे महातपस्वी राहत. तीन पिढ्या धगधगत आलेला त्यांचा यज्ञाग्नी असुरराज घोरदंताने उचलून नेला आणि त्यावर रानडुकरे भाजायला घेतली. आश्रमावर सुतक पसरले.

ऋषींनी मंजुलकाला बोलावले. हा शिष्य गोड गळ्याचा, आणि स्वतःच्या वाणीवर स्वतःच भाळलेला. गुरूंनी त्याला एकच वाक्य दिले: “उद्या सूर्योदयापूर्वी अग्नी परत कर, न केलास तर तुझी नगरी जळेल.” तीनदा घोकून घेतले. वर बजावले की माझे तप या शब्दांत आहे, नुसत्या अर्थात नाही. आणि धन्याचे शब्द जसेच्या तसे बोलणाऱ्या दूताला असुरही हात लावत नाहीत.

वाटेत मंजुलकाला ते वाक्य बोचू लागले. ना उपमा, ना अनुप्रास. सोललेल्या भोपळ्यासारखे उघडेबोडके! मग चालता चालता त्याने त्याला नटवले, सजवले, दागिने घातले.

कवट्यांच्या तोरणांनी शोभणाऱ्या असुरसभेत तो उभा राहिला. “हे दैत्यकुलदिवाकरा! तो चिमुकला अग्नी माहेरी यावा, अशी आमच्या गुरूंची कोमल अभिलाषा आहे. अन्यथा अरुणोदयी आपली नगरी सहस्र दीपांनी उजळेल.”

सभा डोलली. फुकटात दिवाळी होणार असेल तर अग्नी द्यायचा कशाला, असे घोरदंताने विचारले. तेव्हा बोळक्या तोंडाचा प्रधान काकजंघ लाडाने जवळ आला. “बाळा, हे मुनींचे शब्द, का तुझे?”

शहाणा असता तर इथे गप्प बसला असता. पण मंजुलक फुगला. “भाव त्यांचा, शब्द माझे.”

“मग तू दूत कसला?” घोरदंत म्हणाला. “मुनींचे वाक्य होते तसे म्हण आणि सुखरूप जा. नाहीतर ज्या जिभेचे शब्द, ती जीभ आमची.”

मंजुलकाने तोंड उघडले. ‘दैत्यकुल’ आले. पुन्हा उघडले, ‘सहस्र दीप’ आले. ते साधे वाक्य दागिन्यांखाली गुदमरून केव्हाच मेले होते. असुर मांड्या थोपटून हसत होते आणि तो घामाने निथळत एकेक अक्षर चाचपत होता. तिसऱ्या खेपेनंतर घोरदंताने सांडस मागवली, जीभ उपटली आणि कुत्र्यापुढे टाकली. म्हणतात की कुत्र्यानेही हुंगून सोडली. फार गोड होती.

सूर्य उगवला. नगरी जळली नाही. जळणार कशी, शाप तिथे पोचलाच नव्हता! घोरदंताने त्याच अग्नीवर पुढे हजार वर्षे डुकरे भाजली.

रक्ताळल्या तोंडाने मंजुलक गुरूंच्या पायांवर पडला. डोक्यावर हात येईल, अशी त्याची आशा. शुष्कांगांनी पाय मागे घेतले.

“तुला माझा एक शब्द जड झाला, आता तुला स्वतःचाही उरणार नाही. भिंतीला चिकटून जगाचे बोलणे ऐकत राहा. दुसऱ्याच्या तोंडी कुणी आपल्या पदरचे घातले की तेवढे चुकचुक.”

तत्क्षणी तो पाल झाला. तेव्हापासून ‘अमका असे म्हणाला’ म्हणून कुणी तिखटमीठ लावू लागला की छपराच्या कोपऱ्यातून मंजुलक जिवाच्या आकांताने चुकचुकतो: खोटे आहे, असे नव्हते. आणि खालची माणसे एकमेकांकडे बघून मान डोलावतात, “पाल चुकचुकली, म्हणजे अगदी खरं हो!”