गडावरचा अथांग तलाव

“खोऱ्यातले सगळे तलाव धरून, काठोकाठ भरलेल्याच्या मानाने आता किती पाणी उरलंय ते सांगा! गड उतरायचा नाही, पाण्याला बोट लावायचं नाही. उत्तर मिळेपर्यंत तलावांची दारं बंद. धानाला थेंब नाही!”

भैरवशहा राजा अडून बसला की बसलाच! प्रधानजी तटावरून वाकून बघून आले.

“महाराज, आहे... बरंच आहे.”

“बरंच म्हणजे किती?”

“म्हणजे... अगदीच कमी नाही!”

राजवाड्याच्या छपराची कवेलू थापायला बापाबरोबर गडावर आलेली रुंजी कुंभारीण हे ऐकत होती. खाली तिच्या गावचं धान पिवळं पडत होतं. ती उठली. हात मातीने माखलेले, आवाज जेमतेम.

“मी सांगते, महाराज. फक्त चिखल लागेल.”

“चिखल!” दरबार खो खो हसला.

पण उन्हाळ्यात तलाव आटले की कुंभार त्यांच्याच तळातून माती काढतात. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, रुंजीच्या पायांना पाठ होतं. बापलेकीने खोऱ्यातला एकेक तलाव एकाच प्रमाणात लहान करून मातीत घडवला, भाजला. हौसेने एक जास्तीचाही केला. तो बाजूला ठेवून खोऱ्यातले सगळे काठोकाठ भरून एका रांजणात ओतले, तर रांजण बरोबर भरला! तो रिकामा करून रुंजी तटावर चढली.

“बाबा, आपल्या तलावाचं पाणी वडाच्या मुळांपर्यंत! पलीकडच्याचं काळ्या खडकापर्यंत!”

बाप मातीच्या तलावांत तेवढंच पाणी भरत गेला. ते पुन्हा रांजणात ओतलं.

“अर्धा रांजण, महाराज! खोऱ्यात निम्मं पाणी आहे. धान पिकेल, वर तुमचे हत्तीही न्हातील.”

“हे खेळण्यातलं पाणी खरं कशावरून?”

“या जास्तीच्या तलावावरून. हा तुमचा, गडावरचा. याचा गाळ बाबांनीच काढला होता. पाण्याबाहेरच्या पायऱ्या बघून पाणी भरलं, तर... गुडघाभरच आहे.”

कमळांनी झाकलेला तो तलाव अथांग आहे, असं राजा पाहुण्यांना सांगायचा, आणि भीतीने स्वतः कधी उतरला नव्हता.

“गुडघाभर? अगं, त्यात हत्ती बुडेल!”

“बसला तरी नाही बुडायचा, महाराज.”

राजा तरातरा तलावाकडे निघाला.

“महाराज, पाण्याला बोट लावायचं नाही ना?” प्रधानजी मागून ओरडले.

“ते तुम्हाला!”

त्याने डोळे मिटले, नाक दाबलं आणि... धप्प! कमळं बाजूला झाली. राजा गुडघाभर पाण्यात उभा, मुकुटावर बेडूक!

मग राजाच असा हसला, की बेडकाने घाबरून उडी मारली.

“उघडा रे तलावांची दारं! पोरी, आजपासून तू खोऱ्याची पाणीपारखी. हे घे माझं सोन्याचं कडं! पण या तलावाचं कुणाला सांगू नकोस हं.”

“मी नाही सांगायची, महाराज,” रुंजी हळूच म्हणाली, “पण तटावर तुमची सगळी फौज बघत उभी आहे!”