महाराजांचा डावा पाय

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. खोटी निघाली तर मिशा उतरवीन! घडली तेव्हा मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे, माझा जन्म व्हायचा होता, पण आमचे आजोबा होते. आता आजोबा नेमके त्या दिवशी परगावी गेले होते, ते सोडा.

तर निंबेगडच्या रणधवलराव महाराजांची मोटार घाट उतरताना थांबेना! महाराजांनी ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. पायथ्याशी ठकूबाई कुंभारीण बाजाराच्या वाटेवर विसाव्याला थांबली होती. दोन गाढवं, आणि उतरवून ठेवलेली पेंढ्यातली मडकी. गाढवं शहाणी, बाजूला झाली. मोटार पेंढ्यात घुसली आणि थांबली. महाराज वाचले, मडकी गेली. एकच उरलं.

मागच्या सीटवरून अनंतपंत दिवाण उतरले. पगडीत पेंढा, मिशीत पेंढा.

"सरकारस्वारीच्या वाटेत मडकी? हिची गाढवं कोंडवाड्यात घाला!"

"अवो दिवाणसायेब," ठकूबाई म्हणाली, "माझी मडकी नसती तर तुमी आत्ता ओढ्यात खेकडी धरत असता!"

महाराज आधीच चिडलेले. मुंबईहून खास बोलावलेल्या पेस्तनजी मिस्तरीनं ब्रेक पुन्हापुन्हा तपासला होता. वाड्याच्या अंगणात पेडल दगडासारखं घट्ट! घाट लागला की ढिलं!

"एवढं तोंड चालतंय, तर तूच दुरुस्त कर!" महाराज गरजले. "उद्या संध्याकाळपर्यंत. पण गाडीला बोट लावायचं नाही. गाडी मी स्वतः पसंत केलेली आहे, तेव्हा दोष गाडीचा म्हणायचं नाही. आणि दोष माझा म्हणालीस तर..."

"तर गाढवं गेली. कळलं, म्हाराज."

गाढवं गेली तर माती कोण वाहणार? आणि माती नाही तर चाक बंद, चूल बंद. पण ठकूबाई रडली नाही. उरलेलं मडकं काखेत मारलं आणि घरी गेली.

"हिला काय समजणार मोटारीतलं!" दिवाण म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वाड्यावर हजर. काखेत तेच मडकं.

"राणीसायबांचा मोठा आरसा आणा, आन् मोटारीच्या मागं धरा."

"आरसा? ब्रेकला?"

"म्हाराजांनी सगळं राज्य पाह्यलंय, पर आपल्या मोटारीची पाठ कधी पाह्यली न्हाई. ती आमीच बघतो, धूळ खात खात!"

दोघा शिपायांनी आरसा धरला. महाराज मोटारीत बसले, इंजिन सुरू केलं.

"आता सिंहासनावर बसल्यावानी निवांत बसा, म्हाराज."

निंबेगडची रीत अशी, की राजाचा पाय अधांतरी राहू द्यायचा नाही. पाय अधांतरी तर राज्य अधांतरी! सिंहासनापुढं चांदीचा चौरंग, जेवताना पायाखाली पाट, न्हाव्यापुढं बसले तरी पायाखाली उशी. महाराज निवांत बसले आणि त्यांचा डावा पाय, त्यांच्याही नकळत, जागा शोधत टेकला.

"आता म्होरल्या बारक्या आरशात बघा. मागं काय दिसतंय?"

"तांबडा दिवा लागलाय. हा कशाचा?"

"मी अडाणी. मिस्तरीस्नी विचारा. पर रोज तुमची मोटार म्होरं जाते तवा सपाटीला, चढाला, उताराला, ह्यो तांबडा डोळा उघडाच असतो."

पेस्तनजींनी डोक्यावरची टोपी काढली. "अरे देवा! ब्रेक दाबला तरच हा लागतो, महाराज. सारखा दाबलेला असेल तर ब्रेक तापणार, आणि तापला की घाटात पेडल ढिलं पडणार! गाडी अंगणात उभी राहिली की तो गार होतो, म्हणून मला घट्ट लागायचा. पण सारखा दाबतंय कोण?"

बोलता बोलता पेस्तनजींचं लक्ष महाराजांच्या पायाकडे गेलं आणि त्यांनी टोपी तोंडावर धरली. महाराजांनीही खाली पाहिलं. डावा पाय ब्रेकच्या पेडलावर! पाय उचलला, दिवा गेला. टेकला, दिवा लागला. सगळं अंगण दुसरीकडे बघू लागलं.

ठकूबाईनं मडकं महाराजांच्या हातात दिलं. "पेडलाच्या बाजूला पालथं घाला, आन् पाय ह्याच्यावर ठेवा. मी मोटारीला बोट लावलेलं न्हाई."

"आणि फुटलं तर?" दिवाण खेकसले.

"फुटलं तर आवाज तरी करील! ते पेडल बिचारं मुकं, इतके दिस सोसत बसलं."

महाराजांना अजून पटेना. "गाढवं घाटाखाली, कालच्याच जागी उभी कर! मी उतरतो. थांबलो तर खरं!"

ठकूबाईनं गाढवं उभी केली आणि त्यांच्या शेजारी स्वतःही उभी राहिली. मोटार वळणं घेत आली. मागच्या सीटवर दिवाण रामरक्षा म्हणत होते. शेवटचा उतार आला, महाराजांनी ब्रेक दाबला, आणि मोटार गाढवाच्या नाकापुढं गपकन थांबली! गाढवानं बॉनेट हुंगलं आणि शिंकलं.

महाराज खाली उतरले. पण मान कशी वाकवणार?

"ब्रेक लागला. पण दोष कोणाचा, ते सांगितलं नाहीस! गाडीचा म्हणायचा नाही, माझाही म्हणायचा नाही. बोल!"

"दोष चौरंगाचा, म्हाराज!" ठकूबाई म्हणाली. "मालक रोज मोटारीतनं हिंडतोय, आन् ह्यो चाकर वाड्यात लोळत पडलाय!"

महाराज असे हसले, असे हसले, की मोटारीला टेकून उभं राहावं लागलं! त्यांनी तिथंच हुकूम सोडला: वाड्यातली सगळी मडकी यापुढं ठकूबाईकडून, आणि घाटात गाढवं पुढं, सरकारची मोटार मागं!

"धूळ, सरकार!" दिवाण कळवळले.

"खा, अनंतपंत! हिनं इतकी वर्षं खाल्लीच ना?"

आता मिशांचा प्रश्न आहे, म्हणून खरं सांगून टाकतो. यातलं थोडंसं माझ्या पदरचं आहे. ठकूबाईकडे गाढवं दोन नव्हती, एकच होतं. दुसरं मागच्या सीटवर बसलं होतं.