शेटजींचा बांधलेला हात

एकदा एका वृद्ध कारागिराच्या दुकानात एक व्यापारी घाईघाईने शिरला. खेळाची यंत्रं दुरुस्त करण्यात या तात्यांची हयात गेलेली. व्यापाऱ्याने हातात मावेल असा नवाकोरा व्हिडिओ गेम त्यांच्यापुढे ठेवला.

"आईसाठी आहे. आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस असतं. चार-चार तास पडून ती विटली. 'आता मला नेऊ नका' म्हणते. उद्या न्यायचंय, तात्या! याला लागतं ते सगळं द्या, उत्तमातलं."

तात्यांची शिष्या उज्ज्वला मोठी चलाख. तिने भराभर काढलं: पडद्यावरची काच, मऊ पिशवी, दोन्ही बाजूंना बसणाऱ्या जाडजूड मुठी. एकही वस्तू मापाला चुकली नाही. शेटजी खूश!

तात्यांनी विचारलं, "सुया कोणत्या हाताला टोचतात?"

"डाव्या. तो हलवायचा नाही."

तात्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि शेटजींचा डावा हात चक्क खुर्चीला बांधला.

"अहो तात्या, गिऱ्हाईक आहे ते, चोर नव्हे!" उज्ज्वला ओरडली.

"खेळा आता, शेटजी."

शेटजींनी एका हाताने यंत्र उचललं. मुठींनी ते अधिकच जड झालेलं. नीट धरावं तर बोट पोचेना, बोट लावावं तर यंत्र निसटे. घामाघूम झाले बिचारे. मग हळूच म्हणाले, "दोन वर्षं तिच्या उशाशी बसतो मी. हे मला दिसलंच नाही."

तात्या म्हणाले, "उजू, यंत्राचं माप तू अचूक घेतलंस. परंतु यंत्राला काही दुखत नाही, बाई. वस्तू घ्यावी ती धरणाऱ्याच्या अवस्थेला जुळणारी. आणि दुसऱ्याची अवस्था ऐकून अर्धीच कळते."

सगळा ढीग फळीवर परत गेला. खाटेच्या कडेला घट्ट बसेल, हवा तसा वळेल, असा एकच स्टँड शेटजी घेऊन गेले. यंत्र स्टँडने धरायचं, आईने नुसतं उजव्या हाताचं बोट फिरवायचं.

आठवड्याने शेटजी आले ते हात जोडूनच. डोळे भरलेले, पण हसत होते. "आई म्हणते, उद्या लवकर न्या, सातवी पातळी अर्धी राहिलीय!"

उज्ज्वलाने वाकून तात्यांच्या पायांना हात लावला. आता कोणतंही गिऱ्हाईक आलं, की फळीकडे वळण्याआधी ती त्याला बसवते आणि विचारते, "घरी कोण खेळणार आहे? त्यांचं सांगा बघू."