वस्तादाने चोरलेलं मडकं

एकदा एका वस्तादाने आपल्याच शिष्याचं मडकं चोरलं. तेही दारूचं. वस्ताद स्वतः थेंबाला न शिवणारा, मग त्याला त्या मडक्याची गरज काय पडली, ते ऐका.

त्या गावात चैत्राच्या जत्रेला सासनकाठी निघायची. वीस हात उंचीचा सजवलेला बांबू उभाच्या उभा तोलून पालखीपुढे नाचवायचा. चार बाजूंनी चार गडी दोर धरत, पण भार सगळा एकट्याच्या कमरेवर आणि मनगटावर. ही विद्या वस्ताद शिकवी, आणि काठीचे बांबूही त्याच्याच बेटातले.

शिष्य होता सिदू. पंधरा सरून सोळावं लागलेलं. काठी नाचवणारा जुना गडी थकला की ती आपल्या कमरेला लागावी, एवढाच त्याला ध्यास. पोरगा पहाटे उठून जोर काढी. आई त्याला नाचणीची भाकरी आणि तांब्याभर दूध देई. असे सहा दिवस. सातव्या दिवशी, बाजाराच्या संध्याकाळी, हा चार सोबत्यांना घेऊन गवताच्या गंजीआड बसे. तिथे घोटभर चाखणं नव्हतं. मडकं रिकामं होईस्तोवर उठायचं नाही, आणि सगळ्यांत शेवटी जो आडवा होईल तो शूर.

वस्तादाच्या नाकाने काय ते ओळखलं. त्याने एकदाच विचारलं. सिदू म्हणाला, "सहा दिवस दूध आणि एकच दिवस ही. दूधच जास्त झालं की नाही, वस्ताद?"

खरंय बाबा, म्हणून वस्तादाने मान डोलावली. पुढच्या बाजाराच्या दिवशी गंजीतलं मडकं गायब.

ते सिदूला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. पावसाळ्याचे दिवस, बांबूच्या बेटात नवे कोंब वर येत होते. त्यांतल्या सगळ्यांत जोमदार कोंबाच्या डोक्यावर मडकं पालथं घातलेलं, वर धोंडा. वस्तादाने येऊन मडकं उतरवलं आणि सिदूला सांगितलं, की आता सहा दिवस याला शेणखत, राख, पाणी, काही म्हणता काही कमी पडू द्यायचं नाही. सातव्या दिवशी मडकं पुन्हा कोंबावर. वर वस्ताद प्रेमाने म्हणे, "आता वाढ, बाबा."

कोंब उंच झाला तसा म्हातारा शिडी लावून मडकं चढवू लागला. सोबती सिदूला चिडवत, जा की, माग आपलं मडकं. पण मागायचं म्हणजे आपलं म्हणून कबूल करायचं. त्यांनी गुपचूप दुसरं आणलं. शेवटी न राहवून सिदूने विचारलं, "वस्ताद, हे मडकं कुणाचं हो?"

"कोण जाणे. मालक मागायला आला की देऊन टाकीन."

पावसाळा सरला. बाकीचे बांबू सरळसोट वर गेले. हा एक मात्र मडकं बसलं तिथे तिथे गुडघ्यासारखा वाकलेला, पेरं आखूड, उंचीला भावंडांच्या खांद्याशी. सिदू म्हणाला, त्यात काय, पुढच्या वर्षी दुप्पट खत घालू. वस्ताद म्हणाला, घाल की. मडकं मात्र त्याने आता पडवीत ठेवून दिलं.

पोराने खरंच घातलं. इकडे गंजीआडची बैठकही चालूच होती. दुसरा पावसाळा आला. बांबू पानांनी गच्च झाला, पण बोटभर उंच झाला नाही की सरळ झाला नाही. नवे कोंब बघता बघता त्याच्या पुढे गेले. सिदूने खताची पाटी त्याच्या बुंध्याशी खाली ठेवली. तेव्हा वस्ताद बोलला.

"बांबू आपली सगळी उंची एकाच पावसाळ्यात घेतो. पुढे तो पिकतो, कठीण होतो, पण वाढत नाही. माणसाच्या हाडांचा पावसाळा म्हणजे तुझं हे वय. या थोड्या वर्षांत हाड लांब होतं, त्यात चुना भरतो, आणि त्या पुंजीवर जन्मभर उभं राहायचं असतं. एका बैठकीत एवढी पोटात गेली की ते काम अडखळतं. मग दूध दारात येऊन थांबतं, आत घेणारं कुणी नसतं. कोंबाला खत कमी पडलं का? तूच घालत होतास. खताने डोक्यावरचं मडकं उतरत नाही, सिदू. आणि हे आज कळायचंही नाही. सोळाव्या वर्षी सगळेच सरळ दिसतात. उतारवयात पाय घसरला, की हाड बोलतं."

सिदू आपल्या मनगटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माझं झालंच का, वस्ताद?"

वस्ताद हसला. "बांबूला पावसाळा एकच. माणसाला बरेच दिलेत, तुझे अजून काही बाकी आहेत. गेलेल्यातलं किती भरून येईल ते मी सांगू शकत नाही. उरलेलं तुझ्या हातात आहे. येत्या चैत्रात दोर धर. मडकं उतरलेलं दिसलं, तर त्याच्या पुढच्या चैत्रात काठी देईन."

सिदूने खाली मान घालून सांगितलं, की मडकं माझंच आहे.

"सापडला बाबा मालक," वस्ताद म्हणाला. "घेऊन जा. शिडी चढून चढून माझे गुडघे गेले."

त्या बाजाराच्या संध्याकाळी सिदू रिकामं मडकं घेऊन गंजीआड गेला. सोबत्यांनी आरडाओरडा करून त्याला जागा दिली. सिदूने उपदेश केला नाही. त्यांतला जो सगळ्यांत शूर, त्याच्या डोक्यावर मडकं कानापर्यंत पालथं घातलं आणि म्हणाला, "आता वाढ, बाबा."

सगळे पोट धरून हसले, मडक्यातला तर घुमून घुमून हसला. मग आतूनच त्याने विचारलं, की म्हणजे काय रे? सिदू त्या चौघांना बांबूच्या बेटात घेऊन गेला. त्या वाकड्या बांबूपुढे त्याने वस्तादाचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्या शूराने डोक्यावरचं मडकं आपल्याच हाताने उतरवून खाली ठेवलं.

पुढच्या चैत्रात सिदूने दोर धरला. त्याच्या पुढच्या चैत्रात सासनकाठी सिदूच्या कमरेला लागली, आणि चार दोरांवर तेच चौघे होते.